विमानाला जायरो बसवताना

काड्यापेटीएवढी एक डबी रिसीव्हर आणि सर्व्होंच्या मध्ये जोडली की विमान वाऱ्याला दाद देत नाही, एवढं ऐकून बरेच जण जायरो मागवतात. दाद देत नाही हे खरंच आहे. पण ती डबी नेमकं काय करते हे आधी समजून घ्यायला हवं, कारण खाली सांगितलेली प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे.

जायरोला फक्त फिरणं कळतं. विमान कोणत्या अक्षाभोवती, सेकंदाला किती अंशांनी फिरतंय एवढंच तो मोजतो. आतल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. विमान फिरलं की कोरिऑलिस परिणामामुळे तो आडवा सरकतो आणि त्या सरकण्यावरून फिरण्याचा वेग निघतो. तुमच्या मोबाइलमध्येही याच जातीची चिप आहे. फिरणं जाणवलं की जायरो त्याच्या विरुद्ध सर्व्हो हलवतो. विमानाचा वेग किती, उंची किती, जमीन कुठे, पंखावरची हवा धरून आहे की सुटायला आली आहे, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं.

कल्पना तशी जुनी. १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी याने फिरत्या चाकांचे जायरो बसवलेलं कर्टिस विमान उडवून दाखवलं. उडत्या विमानात तो दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला. आपल्या छंदात जायरो आला तो हेलिकॉप्टरची शेपूट आवरायला, आणि तेव्हा त्यातही खरोखरचं चाक फिरायचं. चिप स्वस्त झाली तेव्हा तो विमानांकडे वळला.

पुढचं वर्णन १.२ ते १.४ मीटर पंखाच्या, फोम किंवा सनबोर्डच्या, विजेवर चालणाऱ्या हायविंग विमानाला धरून आहे: एलरॉनला दोन सर्व्हो, एलिव्हेटरला एक, रडरला एक, आणि ३ सेलची लिपो. मोठ्या विमानालाही क्रम हाच.

पहिली पायरी: लागतो का ते ठरवा

एक किलोच्या आतलं विमान झुळकीबरोबर डोलतं. आपल्याकडे मार्च ते मे मैदान तापलं की खालून उठणारी हवा नेमकी उतरताना एक पंख उचलते. तिथे जायरोचा उपयोग पहिल्याच फेरीत दिसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींनाही तो उपयोगी पडतो. मागे शेपटीचं चाक, पुढे मोठा प्रॉप, त्यामुळे थ्रॉटल उघडताच नाक डावीकडे ओढ घेतं. रडरवर थोडा जायरो असला तर धाव सरळ राहते. नाक आकाशाकडे करून प्रॉपवर लटकणाऱ्या थ्रीडी उड्डाणातही तो सोबत करतो.

उलट, उष्ण हवेचे झोत शोधत फिरणाऱ्या ग्लायडरला जायरो लावू नका. थर्मलने एक पंख उचलला की त्या उचलण्यावरूनच झोत कोणत्या बाजूला आहे हे कळतं. जायरो तो पंख तिथल्या तिथे खाली बसवतो आणि तुम्ही थर्मलच्या शेजारून कोरडे निघून जाता.

आणि ज्याचा पंख पिळवटला आहे, शेपूट जड आहे, लिंकेज खुळखुळतं आहे, असं विमान जायरोने सुधारेल ही आशा सोडा. दुखणं आत राहतं आणि लक्षणं तेवढी झाकली जातात.

दुसरी पायरी: मोड समजून जायरो निवडा

दुकानदार ‘थ्री-अ‍ॅक्सिस’ आणि ‘सिक्स-अ‍ॅक्सिस’ असे दोन प्रकार सांगतो. सिक्स-अ‍ॅक्सिसमध्ये तीन अक्षांच्या जायरोबरोबर तीन अक्षांचा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, म्हणजे ‘खाली’ कुठे आहे याचा अंदाज असतो. ऑटो-लेव्हल हवं असेल तरच तो घ्यावा लागतो.

रेट मोड हा रोजच्या वापराचा. विमान फिरलं की जायरो विरोध करतो, फिरणं थांबलं की सरफेस मधोमध परत येतो. झुळकीने पंख झुकला तर झुकणं मंदावतं, पण झुकलेला पंख पुन्हा सरळ करायचं काम तुमचंच. लॉक मोड, ज्याला काही कंपन्या हेडिंग होल्ड म्हणतात, किती फिरलो याचा हिशेब ठेवतो आणि तेवढं परत फिरवून जुनी स्थिती धरतो. स्टिक सोडली त्या कोनात विमान थांबतं, मग ते उलटं असो की उभं. थ्रीडीवाल्यांना हा प्रिय आहे. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ऑटो-लेव्हलमध्ये स्टिक सोडली की विमान स्वतः आडवं होतं. शिकणाऱ्याला याचा धीर वाटतो, पण सगळी उड्डाणं त्यातच केली तर पंख झुकल्यावर उलट एलरॉन द्यायची हाताची सवय लागतच नाही. माझं मत विचाराल तर ऑटो-लेव्हल स्विचवर ठेवा आणि घाबरल्यावरच वापरा.

घेताना चार गोष्टी बघा. गेन, म्हणजे जायरोच्या विरोधाचा जोर, ट्रान्समीटरवरून बदलता आला पाहिजे, निदान जायरो हवेत बंद तरी करता आला पाहिजे. ही सोय नसलेला जायरो फुकट मिळाला तरी घेऊ नये. दोन एलरॉनसाठी दोन वेगळ्या जागा असाव्यात. डेल्टा पंख किंवा व्ही शेपटीचं विमान असेल तर त्याचं मिक्सिंग जायरोत असावं. आणि सर्व्होला किती वेगाने सिग्नल द्यायचा हे ठरवता यावं. साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो सेकंदाला ५० पल्सवर चालतो. त्याला डिजिटल सर्व्होसाठीचा ३३३ चा वेग दिला तर तो आधी कुरकुरतो, मग तापतो, मग जळतो.

चॅनेलही मोजून घ्या. भारतात नवख्यांच्या हाती सर्रास दिसणारा फ्लायस्काय एफएस-आय६ सहा चॅनेलचा आहे. एलरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर यांत चार गेले. उरलेल्या दोनांपैकी एक जायरोच्या मोडला आणि एक गेनच्या नॉबला दिला की संपले, फ्लॅप विसरा. दुसरा एलरॉन मात्र चॅनेल खात नाही, कारण तो जायरोतूनच निघतो.

सुटा जायरो घ्यावा की रिसीव्हरमध्येच असलेला? स्पेक्ट्रमचे एएस३एक्स वाले किंवा फ्रस्कायचे एस६आर, एस८आर असे रिसीव्हर घेतले तर वायरी कमी होतात, जागा वाचते. पण तो रेडिओ बदलला की जायरोही गेला. सुटा जायरो कोणत्याही रेडिओबरोबर चालतो. पहिला घेताय तर सुटाच घ्या. बोर्डावर बारीक खटके आणि स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे तीन पॉट असलेले स्वस्त जायरोही काम चोख करतात. आयनॅव्ह, आर्डुपायलट हे वेगळं प्रकरण आहे, जीपीएसवर घरी परतणाऱ्या विमानांचं. झुळूक आवरायला एवढा कारखाना लागत नाही.

तिसरी पायरी: आधी जायरोशिवाय उडवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात.

प्रत्येक सरफेस बोटाने हलकेच हलवून बघा. सर्व्हो चालू असताना एलरॉनची कड दोन मिलिमीटर खुळखुळत असेल तर हॉर्नचं भोक ढिलं झालं आहे किंवा तार बारीक आहे. नुसत्या हाताने उडवताना हा ढिलेपणा चालून जातो. जायरोला तो चालत नाही, कारण त्याने पाठवलेली बारीकशी दुरुस्ती त्या ढिलेपणातच विरते, तो मोठी पाठवतो, ती जास्त होते, आणि विमान थरथरू लागतं. पुशरॉड सर्व्होच्या दांडीवर आतल्या भोकात आणि सरफेसच्या हॉर्नवर बाहेरच्या भोकात ठेवा. हालचाल कमी होते, पण पकड घट्ट येते.

मग सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरला पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांमध्ये तो आला पाहिजे. नाक किंचित जड चालेल.

आता शांत हवेत, सकाळी लवकर, जायरो न जोडता उडवा आणि ट्रिम करा. खाली उतरल्यावर ट्रान्समीटरवरचे ट्रिम वाचा, क्लेव्हिस फिरवून सरफेस त्याच जागी आणा आणि ट्रिम शून्यावर परत न्या. पुन्हा उडवून खात्री करा. जायरोच्या लेखी स्टिक आणि ट्रिम यांत फरक नसतो. दोन्ही त्याला ‘फिर’ असाच हुकूम वाटतात. रेट मोडमध्ये राहिलेला ट्रिम फारसा त्रास देत नाही, पण लॉक मोडमध्ये चार खटक्यांचा एलरॉन ट्रिम म्हणजे विमानाला सतत सावकाश लोळत राहण्याची आज्ञा.

चौथी पायरी: जागा आणि टेप

फिरण्याचा वेग विमानाच्या नाकापाशीही तोच आणि शेपटीपाशीही तोच. त्यामुळे जायरो नेमका सीजीवरच हवा हा हट्ट नको. अ‍ॅक्सेलरोमीटर वापरणार असाल तर मात्र सीजीजवळ ठेवलेला बरा. महत्त्वाचं आहे ते सरळ बसणं. डबीची कड धडाच्या मध्यरेषेला समांतर आणि तळ पंखाच्या पातळीत हवा. दहा अंश तिरकी बसली तर लोळण्याची थोडी चाहूल रडरच्या खात्यात जमा होते आणि एलरॉन दिल्यावर शेपूट विनाकारण हलते.

डबी डबल-साइड फोम टेपवर चिकटवा, दीड-दोन मिलिमीटर जाडीची, तळभर. फार मऊ, जाड स्पंज नको, त्यावर डबी स्वतःच डुलते. वेल्क्रो तर नकोच. सनबोर्डच्या धडात आतला कागद सुटलेला असतो, म्हणून तिथे पातळ प्लायचा तुकडा आधी चिकटवून त्यावर टेप लावा. वायरींना थोडी ढील द्या. ताठ वायर डबीला ओढत राहते आणि मोटरचा कंप थेट आत पोचवते. मोटर आणि ईएससीपासून लांब ठेवा. एकीकडून कंपासाठी, दुसरीकडून उष्णतेसाठी.

कंपाचं मूळ बहुतेकदा प्रॉप असतो. बॅलन्सरवर टांगा, जड पात्याच्या मागे टेपचा तुकडा लावा किंवा बारीक सँडपेपरने घासा. पन्नास रुपयांच्या प्रॉपमुळे महागडा जायरो बदनाम झालेला मी पाहिला आहे.

पाचवी पायरी: वायरी आणि वीज

रिसीव्हरच्या एलरॉन, एलिव्हेटर, रडर या जागांवरून वायरी जायरोच्या आत जाणाऱ्या बाजूला, आणि सर्व्हो जायरोच्या बाहेर येणाऱ्या बाजूला. थ्रॉटल जायरोतून नेऊ नका, सरळ रिसीव्हरला जाऊ द्या. फ्लायस्काय, फुताबा यांचा क्रम एलरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर असा आहे आणि स्पेक्ट्रमचा थ्रॉटलपासून सुरू होतो. दुसऱ्याचं पाहून वायरी लावताना हे लक्षात ठेवा. रिसीव्हर आयबस, एसबस किंवा पीपीएम देत असेल आणि जायरो ते घेत असेल तर एकाच वायरीत काम होतं.

विजेचा हिशेब इथेच करा. जायरो स्वतः जवळपास काही खात नाही, पण तो सर्व्होंना क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. स्वस्त ईएससीतला लिनिअर बीईसी भरलेल्या ३ सेलच्या १२.६ व्होल्टमधून ५ व्होल्ट काढतो आणि उरलेले साडेसात उष्णतेत घालवतो. सर्व्होंनी मिळून एक अँपियर घेतला तरी साडेसात वॅट त्या लहानशा पट्टीवर. ती तापून व्होल्टेज पडलं की रिसीव्हर आणि जायरो दोन्ही पुन्हा सुरू होतात, आणि सुरू होताना जायरो स्थिर राहण्याची वाट पाहतो. हवेत. तेव्हा स्विचिंग बीईसी असलेला ईएससी घ्या किंवा ३ ते ५ अँपियरचा वेगळा बीईसी लावा. जोडणी झाल्यावर टेबलावर, प्रॉप काढून, दोन-तीन मिनिटं सगळ्या स्टिक हलवत विमान हातात हलवा आणि मग ईएससीला बोट लावून बघा.

सहावी पायरी: ट्रान्समीटर साफ करा

जायरोसाठी नवीन मॉडेल मेमरी उघडा. ट्रिम शून्य, सब-ट्रिम शून्य, ट्रॅव्हल १०० टक्के. डेल्टा, व्ही शेपूट किंवा फ्लॅपेरॉनचं मिक्सिंग ट्रान्समीटरमध्ये बंद करा आणि जायरोत चालू करा. दोन्हीकडे चालू राहिलं तर मिक्सिंग दोनदा होतं आणि एलिव्हेटर दिल्यावर विमान लोळतं.

तीन खटक्यांचा स्विच मोडच्या चॅनेलला द्या. मधला खटका किंवा जो बोटाला न बघता सापडतो तो, ‘बंद’ असा ठरवा. बहुतेक जायरोंत चॅनेल मध्यावर असला की गेन शून्य, एका बाजूला रेट आणि दुसऱ्या बाजूला लॉक किंवा लेव्हल अशी मांडणी असते. माहितीपत्रकात पाहून घ्या. मग आधी स्टिकची दिशा तपासा, जायरो बंद ठेवून. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलरॉन वर. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. उजवा रडर दिला की रडर उजवीकडे. काही उलटं असेल तर ते ट्रान्समीटरमध्ये उलटवा.

सातवी पायरी: चालू करायची शिस्त

ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल खाली, बॅटरी जोडा, विमान जमिनीवर ठेवा आणि हात काढा. पहिले काही सेकंद जायरो ‘न फिरणं’ म्हणजे काय ते शिकत असतो. त्या वेळी विमान हातात असेल किंवा वाऱ्याने पंख हलत असतील तर तो चुकीचं शून्य धरतो. सर्व्हो एकदा हलून खूण देतात किंवा दिवा स्थिर होतो, तोवर थांबा. वारा असेल तर विमान आडोशाला ठेवा.

उन्हात उभ्या गाडीतून काढलेलं विमान लगेच चालू करू नका. स्वस्त चिप तापमानाबरोबर सरकते. दहा मिनिटं सावलीत ठेवा, मग बॅटरी जोडा.

आठवी पायरी: जायरोची दिशा

इथे घाई करायची नाही. चुकीच्या दिशेचा जायरो विमान वाचवत नाही, पाडतो.

एका मैदानावर एका लढाऊ प्रतिकृतीचं पहिलं उड्डाण पाहिलं होतं. मालकाने स्टिक हलवून सगळे सरफेस दाखवले, सगळं बरोबर. चाकं सुटली, डावा पंख जरासा झुकला, आणि जायरोने तो आणखी खाली दाबला. पायलटने उजवा एलरॉन दिला तोवर विमान पाठीवर होतं. स्टिकची दिशा बरोबर असणं आणि जायरोची दिशा बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिसते, दुसरी विमान हलवल्याशिवाय दिसत नाही.

प्रॉप काढा. रेट मोड लावा आणि या चाचणीपुरता गेन भरपूर वाढवा, नाहीतर हालचाल डोळ्याला दिसणार नाही. विमान मागून दोन्ही हातांनी धरा, नाक तुमच्यापासून दूर. आता उजवा पंख झटक्यात खाली करा. उजवा एलरॉन क्षणभर खाली गेला पाहिजे आणि डावा वर. झटका हवा, सावकाश झुकवलं तर काहीच दिसत नाही, कारण जायरो कोन मोजत नाही, वेग मोजतो. शेपूट झटक्यात खाली करा, म्हणजे नाक वर: एलिव्हेटर खाली जायला हवा. शेपूट डावीकडे न्या: रडरही डावीकडे.

तिन्हींना एकच नियम लागू होतो. विमानाचा जो भाग ज्या दिशेला हलवाल, त्या भागावरचा सरफेस त्याच दिशेला गेला पाहिजे. पंख खाली तर त्याचा एलरॉन खाली, शेपूट वर तर एलिव्हेटर वर, शेपूट उजवीकडे तर रडर उजवीकडे. एवढं लक्षात ठेवलं की मैदानावर कागद काढावा लागत नाही.

एखादा उलटा निघाला तर तो जायरोतच उलटवायचा, ट्रान्समीटरला हात लावायचा नाही. काही जायरोंवर त्यासाठी खटका असतो. काही स्वस्त जायरोंवर पॉट मध्यावर असताना गेन शून्य असतो आणि मध्याच्या पलीकडे फिरवलं की दिशा बदलते. अशा पॉटला चुकूनही बोट लागून चालत नाही, दिशा ठरली की त्यावर टेपचा तुकडा लावा. प्रत्येक मोडमध्ये चाचणी वेगळी करा. लॉक मोडमध्ये सरफेस गेला तिथेच राहतो, आणि जमिनीवर ठेवल्यावरही हळूहळू एका बाजूला सरकत जातो. ते बिघाड नाही, तो साचलेला हिशेब आहे. म्हणूनच लॉक मोडमध्ये टेकऑफ करू नये.

ऑटो-लेव्हल वापरणार असाल तर त्याचं ‘आडवं’ शिकवताना विमान टेबलावर सपाट न ठेवता जसं उडतं तसं ठेवा, नाक दोन-तीन अंश वर. सपाट शिकवलेलं विमान हात सोडल्यावर सावकाश खाली येत राहतं.

नववी पायरी: हवेत गेन जुळवणं

उड्डाणाआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमचं मैदान हिरव्या झोनमध्ये आहे का ते पाहा; तिथे ४०० फुटांपर्यंत उडवायला पूर्वपरवानगी लागत नाही. रेंज चेक करा, फेल-सेफला थ्रॉटल बंद होतो याची खात्री करा.

गेन २५-३० टक्क्यांवर ठेवा, तिन्ही अक्षांना सारखा. हे आकडे प्रत्येक जायरोचे आपापले असतात, पण सुरुवात कमीपासूनच करायची. टेकऑफ जायरो बंद ठेवून. विमान सरळ उडतंय, ट्रिम बरोबर आहे, हे बघा. पुरेशी उंची घ्या, म्हणजे काही बिनसलं तर स्विच मारून सावरायला जागा उरेल. सरळ उडत असताना रेट मोड चालू करा. विमान एका बाजूला झुकू लागलं तर स्विच परत मागे, उतरा, आठवी पायरी पुन्हा.

ठीक असेल तर आता वेग वाढवा. गेन जुळवायचा तो पूर्ण थ्रॉटलवर, आणि कारण साधं आहे: सरफेसवरची हवेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. सेकंदाला १० मीटर वेगाला जो एलरॉन जेमतेम पुरतो, तोच २० मीटरला चौपट जोर लावतो. मंद उडताना छान वाटलेला गेन सूर मारताना अंगावर येतो.

पूर्ण थ्रॉटलवर समोरून सरळ फेऱ्या मारा आणि दर फेरीला एलरॉनचा गेन थोडा वाढवा. नॉब फिरवायला शेजारी दुसरा माणूस असला तर उत्तम; स्टिकवरून बोट काढावं लागत नाही. कधीतरी पंखांची टोकं धूसर दिसू लागतील. विमान जागच्या जागी भराभर डावी-उजवीकडे थरथरतं आणि सर्व्होंचा आवाज खालीही ऐकू येतो. तीच मर्यादा. थ्रॉटल कमी करा, गेन त्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणा, आणि एक हलका सूर मारून परत बघा. मग एलिव्हेटर, तिथे नाक भराभर वर-खाली होतं. एका वेळी एकच अक्ष.

थरथर फार वाढली तर थ्रॉटल सोडा आणि स्विच मारा. जायरो बंद केल्यावरही सरफेस फडफडत राहिला तर तो फ्लटर आहे, लिंकेजचा किंवा बिजागरीचा दोष. लगेच उतरा, फ्लटर काही सेकंदांत एलरॉन उपटून काढतो.

रडरचा गेन या दोन्हींपेक्षा कमी ठेवा. एलरॉनने वळण घेता तेव्हा नाक वळायलाच हवं असतं, आणि रडरचा जायरो त्याला वारा समजून अडवतो. वळणात शेपूट लोंबल्यासारखी वाटली की रडरचा गेन जास्त झाला आहे. लढाऊ प्रतिकृतीला टेकऑफच्या धावेपुरता जास्त रडर गेन स्विचवर ठेवायचा आणि चाकं सुटली की कमी करायचा.

गेन वाढला की स्टिकलाही विमान मंद प्रतिसाद देतं, कारण तुम्ही मागितलेल्या फिरण्यालाही जायरो विरोध करतो. बऱ्याच जायरोंत स्टिक सरकेल तसा गेन उतरवण्याची सोय असते, ती चालू करा. नसेल तर थोडा ट्रॅव्हल वाढवा.

दहावी पायरी: उतरताना वेग सोडू नका

जायरोशिवायचं विमान मंदावलं की आधी सांगतं. एलरॉन पोकळ लागतो, पंख डुलू लागतात, नाक लोंबतं. जायरो ही सगळी चाहूल गिळून टाकतो आणि विमान शेवटपर्यंत शहाण्यासारखं सरळ दिसतं. आतून काय चाललेलं असतं? एक पंख जरा झुकतो, जायरो त्या पंखाचा एलरॉन खाली करतो, खाली गेलेल्या एलरॉनमुळे त्या टोकाशी हवेचा कोन आणखी वाढतो, आणि जो भाग स्टॉलच्या काठावर होता तो पहिला स्टॉल होतो. सरळ दिसणारं विमान दहा फुटांवरून अचानक एका पंखावर पडतं, आणि मालक म्हणतो, जायरो असून पडलं.

म्हणून पहिल्या काही उड्डाणांत उंचावर, जायरो चालू ठेवून, थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर हळूहळू ओढा आणि विमान कोणत्या वेगाला सुटतं ते डोळ्यांत भरून घ्या. उतरताना त्याच्या वर राहा. वाऱ्यात रेट मोड ठेवून उतरायला हरकत नाही. ऑटो-लेव्हल मात्र जमिनीजवळ काढा. टेकण्याआधी नाक उचलायला हवं असतं आणि तो ते उचलू देत नाही. लांब, एकसारख्या वळणातही ऑटो-लेव्हल फसतो, कारण वळणाच्या ओढीत अ‍ॅक्सेलरोमीटरला विमानाची बुडाची बाजू म्हणजेच ‘खाली’ वाटू लागते.

पुढची देखभाल

सर्व्हो बदलला, डबी काढून पुन्हा चिकटवली, विमान आपटलं, मॉडेल मेमरी नवीन केली: यातलं काहीही झालं की आठवी पायरी पुन्हा. नाहीतरी प्रत्येक उड्डाणाआधी पंखाला एक झटका, शेपटीला दोन झटके, वीस सेकंदांचं काम आहे. प्रॉपचा आकार किंवा बॅटरीचे सेल वाढवले तर वेग वाढला, म्हणजे गेनही उतरवून पुन्हा जुळवायचा. फोम टेप आपल्या उन्हाळ्यात सुटते. दर काही आठवड्यांनी डबी बोटाने ढकलून बघा.

आणि प्रत्येक वेळी मैदानावर गेल्यावर एक फेरी जायरो बंद करून मारा. सैल झालेली बिजागरी, दमट हवेत पिळवटलेला पंख, एका बाजूला सरकलेला सर्व्हो, हे सगळं जायरो गुपचूप भरून काढत असतो आणि तुम्हाला पत्ता लागू देत नाही. त्या फेरीत विमान एका बाजूला ओढू लागलं, तर नॉबला हात न लावता उतरा आणि पान्हा काढा.